पूर्ण किमतीला घ्यावेत असे गेम कोणते? आणि का?

दादर_पश्चिम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पीएस५ चा (सोनीच्या प्लेस्टेशन ५ चा) नवा मोठा गेम आपल्याकडे ४,९९९ ला पडतो. पीएस४ च्या जमान्यात हाच आकडा ३,९९९ होता. दर वेळी आमच्या ग्रुपवर एकच सूर लागतो: "थांब रे, वर्षभरात अर्ध्यात मिळेल." बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. तरीही काही गेम मी पहिल्याच आठवड्यात पूर्ण पैसे मोजून घेतले आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन.

पहिलं नाव एल्डन रिंग. २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. लिमग्रेव्हच्या उघड्या माळावर पाय ठेवताच समोर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, आणि दोन फटक्यांत आपण आडवे. याच्याशी आत्ता भिडू नकोस, वळसा घालून जा, असं गेम कुठेही सांगत नाही. त्या आठवड्यात कुणालाच काही माहीत नव्हतं. बाकीच्या खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले निरोप आणि कोण कुठे कसा मेला ते दाखवणारे रक्ताचे डाग, एवढाच काय तो आधार. तळ्यात एका पडक्या वास्तूच्या तळघरात पेटी आहे. उघडली की धूर निघतो आणि तुम्ही थेट केलिडच्या खाणीत जाऊन पडता. बाहेर आलात की आभाळ लालभडक आणि समोर येईल तो तुमचा जीव घेणारा. माझा डोंबिवलीचा मित्र रात्री साडेअकराला फोन करून ओरडत होता, "अरे मी कुठे आलोय? परत कसा जाऊ?" मी तोवर तिथे पोचलोच नव्हतो, त्यामुळे त्याला काय सांगणार! दुसऱ्या दिवशी मिस्टवुडच्या जंगलात एक लिफ्ट सापडली. ती खाली जाते, जातच राहते, आणि जमिनीच्या पोटात चांदण्यांनी भरलेलं आभाळ दिसतं. मी कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो होतो.

सहा महिन्यांनी घेणाऱ्यालाही गेम तोच मिळतो. पण तोवर यूट्यूबच्या थंबनेलनीच निम्मी गंमत फोडून ठेवलेली असते, आणि रात्री साडेअकराला फोन करणारा मित्र पुढच्या गेमकडे वळलेला असतो. माझे पैसे त्या दोन गोष्टींसाठी गेले.

तुमचे गेम सांगा. नुसती नावं नकोत, पैसे का वसूल झाले तेही लिहा.

---

लॅमिंग्टनवाला

मस्त धागा. डिस्कवाल्यांचं गणित मात्र जरा वेगळं असतं, ते मांडतो.

गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक नोव्हेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा मी लगेच घेतला. ऑफिसमधून आल्यावर रोज खेळलो, महिन्याच्या आत संपवला आणि बाजार गरम असतानाच लॅमिंग्टन रोडवर विकला. खिशातून खरे गेले ते हजार-बाराशे. तोच गेम वर्षभराने सेलमध्ये डिजिटल घेतला असता तर याहून जास्त गेले असते आणि परत एक रुपया आला नसता. त्यामुळे कथेवर चालणारा, एकदा संपवला की पुन्हा न लावायचा गेम असेल तर मी म्हणतो पहिल्याच दिवशी घ्या, डिस्कच घ्या, आणि विकायचा तर पहिल्या सेलच्या आधी विका. ऑनलाइन सेल लागला की दुकानदार डिस्कचा भाव त्याच दिवशी पाडतो.

जुनी डिस्क घेताना मागची बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. बारीक केसासारखे ओरखडे चालतात, आतल्या कडेपासून बाहेर गेलेली खोल रेघ चालत नाही. आणि डिस्कचा रिजन (जगातल्या कोणत्या भागासाठी काढली ते) बघा. तुमच्या अकाउंटचा रिजन वेगळा असेल तर गेम चालेल, पण नंतर विकत घेतलेला डीएलसी (गेमचा जादा भाग) त्या डिस्कला लागणार नाही. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. मला एकाने उघडलेला डबा पुन्हा प्लास्टिक चढवून नवा म्हणून विकला होता. तेव्हापासून मी डबा काउंटरवरच उघडून बघतो, मागे कितीही रांग असो.

एक अडचण मात्र वाढत चालली आहे. अ‍ॅलन वेक २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो फक्त डिजिटल. निन्टेन्डोच्या स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, नुसती डाउनलोडची किल्ली असते. डिस्क गेली की माझं हे गणितही गेलं.

---

अबोली_मुलुंड

पीसीवाल्यांची बाजू मांडते. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून रुपयात भाव आहेत आणि त्याच वर्षापासून परताव्याचा नियमही आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत. त्यामुळे पूर्ण किमतीची भीती आम्हाला कमी. माझी पद्धत अशी की पहिला अर्धा तास कथा वगैरे बाजूला ठेवायची. सेटिंग उघडायचं, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बघायचा, गर्दीच्या जागी जाऊन यायचं, कंट्रोलर लावून बघायचा. गेम आवडतो की नाही ते नंतर, आधी माझ्या मशीनवर धड चालतो का ते.

पण हा नियम सगळ्याला पुरत नाही. बाल्डर्स गेट ३ मध्ये पात्र बनवण्यातच तास जातो. आणि त्याचा जड भाग तिसऱ्या अंकातल्या शहरात आहे, तिथे पोचायला कित्येक आठवडे लागतात. सुरुवातीला तिथे चांगल्या चांगल्या मशीनची दमछाक होत होती.

तरीही पूर्ण किमतीचा माझा गेम तोच. स्टीमवर २,९९९. गेम बनवणाऱ्या लॅरियनने तो ऑक्टोबर २०२० पासून जवळपास तीन वर्षं लोकांसमोर अर्धवट अवस्थेत ठेवून, त्यांचं ऐकून दुरुस्त केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण केला. आत दुकान नाही, पैसे मागणारं एकही बटण नाही. आम्ही चार मैत्रिणी वेगवेगळ्या खेळत होतो. गॉब्लिनांच्या तळावर मी सरळ तलवार काढून घुसले आणि मार खाल्ला. एकीने त्यांच्या दारूच्या पिंपात विष कालवलं आणि बाजूला उभी राहून बघत बसली. तिसरीने त्यांच्या म्होरक्याशी हातमिळवणी केली, आणि आम्ही दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही. प्राण्यांशी बोलायचा मंत्र घेतलात तर प्रत्येक खार, प्रत्येक बैल स्वतंत्र तोऱ्यात उत्तर देतो. त्यातले कितीतरी संवाद बहुतेक खेळाडूंच्या कानावर कधी पडणारच नाहीत, तरी ते कुणीतरी मनापासून लिहिलेत आणि कुणीतरी मनापासून बोललेत. मला त्याचे पैसे द्यायला आनंद वाटला.

---

रात्रपाळी

मी विरुद्ध बाजूचा. अंधेरीत रात्रीची शिफ्ट, आठवड्यात खेळायला मिळतो तो एक रविवार. मला पहिल्या आठवड्याचं काय सुख?

सायबरपंक २०७७ घ्या. १० डिसेंबर २०२० ला आला. पीएस४ वर अवस्था इतकी वाईट की सोनीने काही दिवसांत तो आपल्या स्टोअरवरून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये २.० चा अपडेट आला. पोलीस, कौशल्यांची रचना, गाडीतून गोळीबार, सगळं नव्याने बांधलं. मी तो त्यानंतर घेतला, कमी पैशात, आणि नाइट सिटीत पावसात गाडी चालवताना मला जे मिळालं ते पहिल्या दिवशी पूर्ण पैसे देणाऱ्याला मिळालंच नव्हतं. म्हणजे ज्याने जास्त मोजले त्याच्या हातात कच्चा माल.

पर्सोना ५ चंही तसंच. ज्यांनी आधी घेतला त्यांनी शंभर तास घातले, मग रॉयल नावाने वाढीव आवृत्ती वेगळी विकायला आली. थांबणाऱ्याला सगळं एकत्र मिळालं.

माझ्यासारख्याने एक-दोन वर्षं मागे राहून खेळावं. गेम कुठे पळून जात नाही.

---

दादर_पश्चिम

@रात्रपाळी, तुमचं सायबरपंकचं उदाहरण बिनतोड आहे. त्यातली एक गोष्ट पहिल्या दिवशी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी: गेम येण्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली होती. पीएस४ वर तो कसा चालतो ते कुणाला दाखवलंच नव्हतं. आणि कंपनी कोणती, तर द विचर ३ वाली, ज्यांनी २०१५ मध्ये १६ छोटे डीएलसी फुकट वाटले होते. त्यामुळे कंपनीच्या नावावर विसंबून पैसे देऊ नयेत या मताचा मी आहे. तुम्ही ज्या मशीनवर खेळणार, त्याच मशीनवरचे रिव्ह्यू रिलीजच्या आधी आले का? नसतील आले तर थांबायचं. प्री-ऑर्डर तर नकोच. डिजिटल प्रत कधी संपत नाही, मग आगाऊ रांग कशाला?

---

अ‍ॅनिमेटर_अंधेरी

चर्चा सगळी मोठ्या गेमची चाललीय. मला वाटतं पूर्ण किमतीवर पहिला हक्क छोट्या टीमचा.

होलो नाइट सिल्कसाँग ४ सप्टेंबर २०२५ ला आला. टीम चेरी ही अ‍ॅडलेडची हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढी माणसं, कित्येक वर्षं लागली, आणि किंमत ठेवली २० डॉलर. इतके लोक एकदम तुटून पडले की स्टीमचं दुकानच काही काळ अडखळलं. अशा गेमच्या सेलची वाट कुणी बघत असेल तर मला मनापासून वाईट वाटतं. स्टारड्यू व्हॅली एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः करून २०१६ मध्ये आणला. त्यानंतर १.६ पर्यंतचे सगळे मोठे अपडेट फुकट. १५ डॉलरच्या गेमवर अजून किती सूट हवी?

मी स्वतः अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, म्हणून आतलं थोडं सांगतो. स्टीम विक्रीतला ३० टक्के हिस्सा आधी कापून घेतं. मग प्रकाशक असेल तर त्याचा वाटा, मग कर. उरेल त्यात पगार. पुढे गेम किती लोकांना दिसणार, हे पहिल्या दिवसांतल्या विक्रीवर आणि रिव्ह्यूंवर बरंचसं ठरतं. तुम्ही दोन वर्षांनी ७५ टक्के सूट घेऊन घेतलात तर टीमपर्यंत काहीतरी पोचेल, पण तोवर ती टीम टिकली पाहिजे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण: राजी, अ‍ॅन एन्शंट एपिक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. आधी किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी सोडलं नाही. सर्कशीतली कसरतपटू मुलगी, असुरांनी पळवलेला भाऊ, आणि दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून पुढे सरकणारी गोष्ट. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून दाखवलेत. राजस्थानी वाड्यांच्या खांबांवरून ती गिरकी घेते तेव्हा तिच्या अंगावरचं कापड कसं वळतं ते बघा. त्या एका हालचालीवर कुणीतरी किती रात्री बसलं असेल हे मला कळतं. त्रुटी आहेत. लढाई मध्यापासून तेच तेच होते, पाच-सहा तासांत संपतो, शेवट तुटक आहे. मी पूर्ण किमतीला घेतला आणि ती किंमत मला रास्त वाटते.

---

मीरारोड_आई

दोन मुलं आहेत, एक तेरा, एक नऊ. विकत मी घेते, खेळतो तिघं. आमच्या घरचं मोजमाप साधं: किती जण एकत्र खेळणार?

इट टेक्स टू (२०२१) घेतला आणि त्याच लोकांचा स्प्लिट फिक्शन २०२५ मध्ये आल्या आल्या घेतला. दोन्ही एकट्याने खेळताच येत नाहीत, पडदा दोघांत वाटलेला. एकाच घरात दोन कंट्रोलर पुरतात. लांब असाल तरी फ्रेंड्स पास आहे, म्हणजे एकाने घ्यायचा आणि दुसऱ्याने फुकट उतरवून त्याच्यासोबत खेळायचा. माझी थोरली आणि नाशिकची भाची अशा खेळतात. इट टेक्स टूमध्ये एकीकडे हातोडा, दुसरीकडे खिळे असा भाग आहे. एकाने खिळा मारला नाही तर दुसऱ्याला लोंबकळताच येत नाही. एरवी एकमेकांचं न ऐकणारी माझी मुलं तिथे "थांब, आता, आता मार" असं बोलत होती.

अ‍ॅस्ट्रो बॉट (सप्टेंबर २०२४) पण पूर्ण किमतीला घेतला. धाकट्याने एकेक लपलेला रोबो शोधून काढला. नंतर नवे टप्पे फुकट आले. पीएस५ सोबत फुकट येणारा अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम आधी खेळवून बघा, मुलांना आवडला तर पुढचे पैसे बिनधास्त घाला.

निन्टेन्डोचे स्वतःचे गेम तर फारसे उतरतच नाहीत. ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ चा आहे, अजून चढ्या भावाने विकला जातो. घ्यायचाच असेल तर थांबून फायदा नाही.

आणि एक गेम मी कधीच पूर्ण किमतीला घेत नाही: दर वर्षीचा फुटबॉल. सप्टेंबरमध्ये नवा येतो, नाताळपर्यंत भाव कोसळतो, आणि घेतल्यावरही आत पत्त्यांची पाकिटं विकतात. थोरलीने हट्ट केला तेव्हा मी तिला शेजारी बसवून हा हिशोब कागदावर मांडून दाखवला. तिला पटला.

---

लॅमिंग्टनवाला

ताई, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

---

वडाळा_हॉस्टेल

सगळ्यांचं वाचतोय. माझी परिस्थिती: इंजिनिअरिंग दुसरं वर्ष, लॅपटॉप, वर्षाला एकच गेम पूर्ण किमतीचा परवडतो. रूमवरचे मित्र म्हणतात ऑनलाइन शूटर घे, सगळे मिळून खेळू. घेऊ का?

---

अबोली_मुलुंड

वर्षाला एकच घेणार असशील तर सर्व्हरवर अवलंबून असलेल्या गेमबाबत फार जपून. कॉनकॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ४० डॉलर, आणि ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे. तिथे निदान सगळ्यांना पैसे परत मिळाले. द क्रू २०१४ चा गाड्यांचा गेम, त्यात एकट्याने खेळायची मोठी कथा होती, पण तीही सर्व्हरशिवाय चालत नव्हती. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पूर्ण पैसे दिले होते त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. त्यावरूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली. स्टीमवरही आपण घेतो तो परवानाच, आता तसं पैसे देतानाच लिहिलेलं असतं. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून घेतलास तर गेमची फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते, ती कुणी बंद करू शकत नाही.

---

रात्रपाळी

ऑनलाइनमध्ये अपवाद एकच मानतो, हेलडायव्हर्स २. फेब्रुवारी २०२४, ४० डॉलर. चौघं मिळून खेळायचा, गोळी आपल्याच माणसाला लागते, त्यामुळे एकमेकांकडे लक्ष ठेवावंच लागतं. पैसे देऊन मिळणारे प्रीमियमचे पॉइंट खेळूनही मिळवता येतात. पण आधी मित्रांकडून पक्कं वचन घे. चारातले दोन परीक्षेनंतर गळाले तर गेम अर्धा होतो.

---

दादर_पश्चिम

@वडाळा_हॉस्टेल, एकट्याने खेळायचा चालत असेल तर क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपिडिशन ३३. एप्रिल २०२५, फ्रान्समधल्या माँपेलिएची छोटी टीम, ५० डॉलर, म्हणजे मोठ्यांच्या ७० पेक्षा कितीतरी कमी, आणि गेम अवॉर्ड्समध्ये २०२५ चा सर्वोत्तम ठरला. दर वर्षी दूर क्षितिजावर एक चित्रकर्ती आकडा लिहिते, आणि त्या वयाचे सगळे पाकळ्या होऊन विरून जातात. तुम्ही सुरू करता त्या दिवशी ती ३३ लिहिते. पहिल्या अर्ध्या तासात बंदरावर निरोपाचा जो प्रसंग आहे, त्यात माणसं हार घालून शांतपणे उभी असतात. तिथेच मला कळलं की पैसे योग्य जागी गेले. लढाई आळीपाळीने चालते, पण समोरच्याचा वार ऐन क्षणाला बटण दाबून परतवायचा असतो, त्यामुळे झोप येत नाही.

---

लॅमिंग्टनवाला

आणि जीटीए ६? आधी २०२५, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६ अशी तारीख सरकली. मी तर त्या दिवशी सुट्टी टाकणार.

---

रात्रपाळी

जाहीर झालाय तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, पीसीचं नाव नाही. रॉकस्टारने जीटीए ५ आधी २०१३ मध्ये पीएस३ ला विकला, २०१४ मध्ये पीएस४ ला, २०१५ मध्ये पीसीला, २०२२ मध्ये पीएस५ ला. पीसीवाल्याने कन्सोल उधार घेऊन उडी मारायची गरज नाही.

---

दादर_पश्चिम

कन्सोल असेल त्याने मात्र नक्की घ्यावा. पहिल्या महिन्यात जो तो त्याच शहरातून फिरत असेल, लोकलमध्ये शेजारचा माणूस त्याचंच बोलत असेल. एल्डन रिंगनंतर अशी वेळ क्वचित आली. फक्त अट तीच: आपल्या मशीनवरचे रिव्ह्यू आधी वाचा.

---

वडाळा_हॉस्टेल

सगळ्यांचे आभार. मित्रांशी बोललो. शूटरवर एकमत होत नाहीये, दोघांना बाल्डर्स गेट ३ आवडेल असं दिसतंय. पण प्रत्येकाने वेगळा घ्यायचा म्हणजे तिघांचे नऊ हजार. लॅपटॉपवर ५१२ ची एसएसडी आहे.

---

अबोली_मुलुंड

तिघांनी तीन प्रती घेऊ नका. एकाच मशीनवर पडदा दोघांत वाटून खेळता येतो, दोन कंट्रोलर लागतील. तिसऱ्याने शेजारी बसून निर्णयात भांडायचं आणि दर अंकाला जागा बदलायची. आम्ही मुलुंडला असंच केलं होतं. दीडशे जीबी मोकळी लागेल आणि ती एसएसडीवरच, बाहेरच्या जुन्या हार्ड डिस्कवर टाकू नकोस. ग्राफिक्स कार्ड निदान जीटीएक्स ९७० च्या तोडीचं हवं, पडदा वाटला की त्याहून चांगलं असलेलं बरं. घेतल्या घेतल्या पात्र पटकन तयारच्यांतलं निवड, दोन तास व्हायच्या आत पडदा वाटून बघ. अडखळलं तर सरळ परत कर. कार्ड कोणतं आहे ते इथे लिही, सेटिंग काय ठेवायचं ते सांगते.

---

वडाळा_हॉस्टेल

आरटीएक्स ३०५०, लॅपटॉपवालं, ४ जीबी. रॅम १६.

---

अबोली_मुलुंड

चालेल. १०८०पी, टेक्स्चर मध्यम, सावल्या कमी, डीएलएसएस (फ्रेम वाढवणारं कार्डातलं तंत्र) क्वालिटीवर. पडदा वाटलास की सगळंच एक पायरी खाली आण. तिसऱ्या अंकाच्या शहरात फ्रेम पडतील, तिथे गर्दीची सेटिंग उतरव. डाउनलोड रात्री लाव, हॉस्टेलच्या नेटवर दिवसा होणार नाही.